न्हुच्छेची टोपी

काठमांडूशेजारच्या पाटणच्या हिटी आळीत येऊन चिरीमाया डंगोलचा फोटो न काढता परत गेलेला माणूस विरळाच. आळीच्या तोंडाशी, दगडी हिटीच्या, म्हणजे धारेच्या, पाण्याला लागून तिची चूल. काळं, लाल काठाचं हाकू पटासी लुगडं, कानांच्या कडेने ओळीने बाळ्या, पोटऱ्यांवर गोंदण आणि समोरच्या तव्यावर तांदळाच्या पिठाची चतामरी. धिरड्यासारखं पीठ पसरायचं, वर मातीचं झाकण घालायचं. झाकण उचललं की वाफेचा लोट उठायचा आणि नेमका त्याच वेळी कुठून तरी कॅमेरा खट्‌कन वाजायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. "धुराचा फोटो काढायला सातासमुद्रापलीकडून येतात," ती म्हणायची, "यांच्या देशात चुली नाहीत की लाकडं नाहीत?"

इतके फोटो निघाले, पण तिच्या घरात त्यातला एक नव्हता. जो तो "पाठवतो हं, अजी" म्हणून जायचा. म्हणायला काय, जिभेला हाड नसतं. आमच्याकडे आजीला अजीच म्हणतात, आणि केस पिकायच्या आधीपासून ती साऱ्या आळीची अजी होती.

तिला स्वतःचा फोटो नकोच होता. तिला हवा होता न्हुच्छेचा, तिच्या नवऱ्याचा, आणि तो कुणीच काढलेला नव्हता.

न्हुच्छेनारायण डंगोल कावडीने भाजी विकायचा. पहाटे मळ्यातून मुळा, कोबी, मोहरीचा पाला घेऊन मंगलबजार गाठायचा, संध्याकाळी रिकाम्या टोपल्यांत एखादं लहानसं काही घालून आणायचा. लग्न होऊन दोन-चार पिकं झाली असतील. एकदा चिरीमायाने हट्ट धरला, की बजारात फोटोवाला बसतो, दोघांचा एक फोटो काढू. "धान घरात येऊ दे," न्हुच्छे म्हणाला, "मग नवी टोपी घालून काढू." तिने वेणीसाठी लाल फीतसुद्धा घेऊन ठेवली. धान घरात आलं, पण न्हुच्छे त्याआधीच काविळीने गेला. पोरगा पन्नकाजी तेव्हा अंगावर पीत होता.

पुढच्या श्रावणात मतया आली. मतया म्हणजे सरत्या वर्षात ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी दिवे घेऊन साऱ्या पाटणभर, गल्लीबोळांतल्या प्रत्येक चैत्याशी जायचं. अनवाणी, एकामागोमाग एक, दिवसभर. ज्यांच्याकडे गेलेल्याचा फोटो असतो ते तो छातीशी धरून चालतात. चिरीमायाच्या हातात न्हुच्छेची टोपी होती. काळी टोपी, एका बाजूला पांढऱ्या दोऱ्याची चांदणी. ती चांदणी तिने स्वतः भरलेली, म्हणून आळीतल्या पोरासोरांनाही ती गोष्ट पाठ होती. भूकंपात घर बसलं तेव्हा टोपीही ढिगाऱ्यात गेली, पण चांदणीची गोष्ट तेवढी उरली.

मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की न्हुच्छेचा चेहरा तिला आठवत नाही. त्याचा खोकला आठवत होता, कावड खांद्यावर बदलताना तो "हं" करायचा ते आठवत होतं, भाताबरोबर मिरची कशी करकरून चावायचा तेही. चेहरा मात्र डोळे मिटले की समोर येईना. पन्नकाजीच्या तोंडात शोधून पाहिला, तर पन्नकाजी अख्खाच्या अख्खा तिच्या माहेरावर गेलेला. याची तिला फार लाज वाटायची. नवऱ्याचं तोंड विसरलेली बाई, असं ती मनातल्या मनात स्वतःला म्हणायची आणि झाकण जरा जोरात आपटायची.

हे तिने एकीलाच सांगितलं होतं, प्रजिना शाक्यला. प्रजिना तिच्या चुलीसमोर चतामरी खातच मोठी झाली आणि पुढे एका वर्तमानपत्रात फोटो काढायला लागली. तिनेच एका वर्षी टूम काढली. पाटणच्या गल्ल्यांत आजवर ज्याने ज्याने फोटो काढले त्या साऱ्यांकडून ते मागवायचे. परदेशी लोकांकडून, बजारातल्या जुन्या फोटोवाल्यांकडून, घराघरांतल्या पेट्यांतून. बहालाच्या, म्हणजे आमच्या जुन्या विहाराच्या, चौकात दोऱ्या बांधून ते टांगायचे, विकायचे, आणि जे येईल त्यातून डोंगरातल्या गावांमधल्या लोकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या.

आळीतल्या म्हाताऱ्यांची बैठक बसली तेव्हा बेखा आजू पहिला बोलला. "म्हणजे आमचीच तोंडं आम्हालाच विकणार. शाक्य सोनारांची पोर शोभतेस खरी."

"आजू, तुम्हाला फुकट देईन."

"मला नको. मी रोज आरशात बघतो."

"दिसतं का?" चिरीमायाने चुलीपासून विचारलं, आणि सगळे हसले. कारण बेखाच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला होता, हे आळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

बेखा हा न्हुच्छेचा मीत. नुसता दोस्त नव्हे, ब्राह्मणासमोर बसून, टिका लावून, टोपी बदलून झालेला मीत. मिताचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. बेखाने इतक्या वर्षांत न्हुच्छेचं नाव एकदाही घेतलं नाही, 'तो' म्हणायचा. दोघे जोडीने कावड वाहायचे, जत्रेत जोडीने धिमय ढोल वाजवायचे. तो गेल्यावर बेखाने भावासारखं सुतक पाळलं, आणि पुढे रोज सकाळी चिरीमायाच्या चुलीसमोरच्या दगडावर येऊन बसायला लागला. पहिली चतामरी त्याची. तिने "मीतदाजू, आज पीठ आंबलंय" म्हणायचं, त्याने "तुझं तोंड बघून आंबलं असेल, मितिनी" म्हणायचं. यात कधी खंड पडला नाही.

मोतीबिंदू चिरीमायालाही होता. प्रजिना तिच्या मागेच लागली होती. "अजी, एवढीशी तर शस्त्रक्रिया. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते."

"माझ्या मावशीची सुटली होती. डोळाच सुटला बरोबर."

"ते जुनं झालं."

"मीही जुनी झालेय. तव्याला हात ओळखतो, गिऱ्हाईक आवाज ओळखतो. बघायचं काय राहिलंय? डोंगरातल्या बायांना करा, त्यांना कड्यावरून चालायचं असतं."

फोटो येऊ लागले. पाकिटांतून, मोबाइलवर, पत्र्याच्या डब्यांतून. एक डबा जर्मनीहून आला. हेल्गा नावाची एक बाई फार पूर्वी आळीत राहून गेली होती. ती वारली आणि तिच्या मुलीने आईच्या फिल्म पाठवून दिल्या. चिरीमायाला ती बाई आठवत होती. "मिरची लागली की उड्या मारायची, आणि उड्या मारून झाल्या की आणखी मागायची."

त्याच डब्यातला एक फोटो मोठा करून पाहताना प्रजिना जागच्या जागी उभी राहिली. आमचीच गल्ली, सकाळचं ऊन. दोन तरुण कावडी घेऊन लांब चाललेत. पुढचा पाठमोरा, त्याचं तोंड दिसतच नाही. मागचा मात्र वळून कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसतोय, आणि त्याच्या काळ्या टोपीवर पांढऱ्या दोऱ्याची चांदणी आहे.

प्रजिना धावतच चुलीपाशी आली. "अजी, सापडला."

चिरीमायाने हातातलं पीठ तसंच ठेवलं. बहालात तिला फोटोसमोर नेऊन उभी केली, तेव्हा तिला दिसला फक्त एक उजेडाचा पट्टा आणि त्यात दोन काळसर डाग. तिने कागदावर तळवा ठेवला. कागद गार होता.

"कसा दिसतो गं?"

"हसतोय, अजी."

"दात दिसतायत?"

"सगळे."

"दात दाखवून हसायचा का तो?" ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "हसत असेल. बाहेर हसत असेल. घरात आई बसलेली असायची त्याची."

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी चिरीमाया झेंडूचा हार घेऊन आली. फोटोला हार घालायचा तो गेलेल्याच्याच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं म्हणजे त्याला बोलावणं पाठवणं. पण इथे शंकाच नव्हती. तिने हार घातला, तांदळात कालवलेला लाल टिका बोटावर घेतला आणि प्रजिनाने तिचं बोट धरून त्या हसऱ्या तरुणाच्या कपाळावर नेमकं टेकवलं. चिरीमाया रडली. दिसत नसताना रडली. आजूबाजूच्या बायाही रडल्या, आणि एका काठमांडूच्या पाहुण्याने लगेच त्याचाही फोटो काढला.

बेखा तेव्हा नव्हता. तो ठिमीला एका लग्नात ढोल वाजवायला गेला होता आणि अयला दारू जरा जास्त झाल्यामुळे तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी तो बहालात आला, लोक म्हणाले, "जा, तुमच्या मिताला भेटा." तो गेला. फोटोला नाक लागेपर्यंत वाकला. डोकं इकडे करून पाहिलं, तिकडे करून पाहिलं. मग त्याचा असा आवाज निघाला की बहालातली कबुतरं उडाली.

"हा मी आहे. मला हार कुणी घातला?"

सगळे जमा झाले. चिरीमाया चूल सोडून आली.

"मीतदाजू, काल किती घेतली होती?"

"आज पाण्याचा घोट नाही घेतलेला. मितिनी, हा मी आहे. ही गोरी मागून ओरडत होती, अहो अहो करून. मी वळलो. तो वळला नाही. त्याला बजार गाठायची घाई. मला चांगलं आठवतंय."

"तुम्हाला काल ठिमीत काय जेवलात ते आठवतंय का?"

"जेवण जाऊ दे."

"आणि टोपी? चांदणी मी भरली होती. या हातांनी."

"टोपी त्याचीच आहे," बेखा म्हणाला. "डोकं माझं आहे. मीत लावलं तेव्हा टोप्या बदलल्या, विसरलीस? त्याची माझ्या डोक्यावर, माझी त्याच्या. तो गेल्यावर मीच ती तुला परत आणून दिली. तुझ्याच उंबऱ्यात."

ते खरं होतं. त्याने टोपी दोन्ही हातांनी पुढे केली होती आणि ती घेताना ती कोसळली होती, हे तिला आता लख्ख आठवलं. खरं होतं म्हणूनच तिला राग आला. इतक्या वर्षांनी सापडलेला नवरा हा थेरडा एका वाक्यात काढून घेत होता.

"फोटो टोप्या बदलायच्या आधीचा असेल," ती म्हणाली.

"नंतरचा असेल."

"आधीचा."

हेल्गाच्या डब्यावर ना तारीख ना तिथी. मग आळीने म्हाताऱ्यांना एकेक करून फोटोसमोर आणलं. सिद्धिलाल म्हणाला न्हुच्छे, त्याची बायको म्हणाली बेखा, आणि भांडण त्यांच्या घरापर्यंत गेलं. गुभाजू, म्हणजे आमचे पूजा सांगणारे, त्यांनाही आणलं. त्यांनी फोटोच्या पाठीमागच्या खिडकीकडे बघून मान डोलावली, तेव्हा कळलं की त्यांनाही दिसत नाही. सगळी गंमत तिथेच होती. ज्यांनी न्हुच्छेला पाहिलं होतं त्यांना दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांनी न्हुच्छेला पाहिलं नव्हतं.

"आजू, तुमचेच डोळे करून घ्या," प्रजिना म्हणाली. "मग तुम्हीच बघा."

"आणि मीच निघालो तर?" बेखा म्हणाला. "मग काय करू? अशी शंका तरी आहे."

त्याने हार काढायला हात पुढे केला. चिरीमाया आडवी झाली. "हात लावाल तर बघा. मी माझ्या नवऱ्याला घातलाय."

"मी जिवंत माणूस आहे गं."

"मग जिवंत माणसासारखे वागा."

बेखा निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगडावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिली चतामरी तव्याच्या कडेला गार होत राहायची आणि चिरीमाया ती दुसऱ्या कुणाला देत नसे. मग बेखाची सून आली. सासरे भिंतीकडे तोंड करून पडलेत, पोह्यांना हात लावत नाहीत, अयलालाही नाही, आणि ढोल मुलाच्या नावाने करून ठेवलाय म्हणाली. "काकी, हार काढा ना. एक हार तर आहे."

"काढला तर काय होतं? घातला तो घातला. टिकासुद्धा लागला," चिरीमाया म्हणाली. तोंडाने हे म्हणाली, पण तिला दुसरंच आठवत होतं. न्हुच्छेच्या आजारात याच बेखाने त्याला डोलीत घालून काठमांडूच्या वैद्याकडे नेलं होतं, आणि परत आणलं तेव्हा नदीच्या पुलावर बसून लहान मुलासारखा रडला होता. हा गेला तर न्हुच्छेला आतून ओळखणारं, त्याच्या आठवणीने हसणारं माणूस जगात उरत नव्हतं. आणि तिच्या हाताने जाणार होता.

त्या दिवशी तिने चूल लवकर विझवली. प्रजिनाला बोलावलं. "तुझ्या त्या स्कूटरवर म्हातारी बसते का?"

"कुठे जायचंय?"

"डोळ्यांच्या इस्पितळात. चल, मन फिरायच्या आत."

वाटेत तिने प्रजिनाची कंबर इतकी घट्ट धरली होती की प्रजिनाला श्वास घेता येईना. "अजी, घाबरू नका."

"घाबरत नाही. मावशीची आठवण येतेय."

ती खरं तर दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होती. बेखाच निघाला, तर तिचा न्हुच्छे पुन्हा गेला. आणि न्हुच्छे निघाला आणि त्याचं तोंड पाहूनही तिला काहीच आठवलं नाही, तर ते त्याहून वाईट. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पट्टी सुटली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसला पन्नकाजी, समोर उभा. "तुझे केस कधी पांढरे झाले रे?" ती म्हणाली. पन्नकाजी हसला आणि बाहेर जाऊन डोळे पुसून आला. मग तिला स्वतःचे हात दिसले, भाजलेले, चट्ट्यांचे. आळीत शिरल्यावर तिने चुलीच्या मागची भिंत पाहिली आणि सुनेवर ओरडली, की एवढी काजळी आहे आणि कुणी बोललं नाही. सून म्हणाली, "बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतंत?"

बहालात प्रदर्शनाची आवराआवर चालली होती. दोऱ्या उतरल्या होत्या. चिरीमाया वाटेत एका फोटोपाशी थांबली. धुराच्या लोटामागे एक तरुण बाई, कपाळावर घाम, कॅमेऱ्याकडे बघतेय ते खाऊ की गिळू अशी.

"ही कोण भवानी?"

"तुम्हीच, अजी."

"मी?" ती थोडा वेळ बघत राहिली. "बरी होते की."

मग प्रजिनाने तिला त्या फोटोसमोर उभं केलं. हार सुकून गेला होता. चिरीमायाने पाहिलं, आणि तिला फार वेळ लागला नाही. टोपी न्हुच्छेची होती, चांदणीचा एक टाका चुकलेला तोसुद्धा दिसत होता. टोपीखाली बेखा होता. तोच तो भुवयांचा झाडोरा, तेच नाक. हे तोंड तिने गेल्या आठवड्यापर्यंत रोज सकाळी पाहिलं होतं, नुसतं धुक्यातून.

सिद्धिलालच्या बायकोने स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. प्रजिना काहीतरी बोलत होती, तिने ऐकलं नाही. फोटोकडे बघायचं नव्हतं म्हणून तिने नजर बाजूला सरकवली, आणि ती त्या दुसऱ्यावर जाऊन पडली. पाठमोऱ्यावर.

डावा खांदा किंचित खाली. कावडीची काठी मानेच्या अगदी जवळ घेतलेली, कारण खांद्यावर जुना घट्टा होता आणि तिथे दुखायचं. मानेवर केसांचा एक भोवरा, तो कधीच खाली बसत नसे. डाव्या टाचेवर जरा जास्त भार. बंडीच्या पाठीवर ठिगळ, आणि ते ठिगळ कुठल्या जुन्या पटासीचं ते तिला ठाऊक होतं.

"प्रजिना," ती म्हणाली, "हा बघ."

"हा? पण याचं तोंडच नाही, अजी."

"नसू दे. हाच तो."

आणि मग तिला कळलं, आणि कळल्यावर इतक्या वर्षांचं ओझं खाली उतरलं. ती त्याचं तोंड विसरली नव्हती. तिने ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. घरात सासू, चुलत सासरे, जावा. दिव्याला तेल नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या सुनेला त्या काळी बेशरम म्हणायचे. ती बघायची ते पहाटे, मळ्याकडे जाताना. पुढे तो कावड घेऊन, मागे ती डोक्याला पट्टा लावून टोपली घेऊन. कोस दीड कोस. त्या वाटेवर कुणी नसायचं आणि ती मन भरून बघायची, त्याच पाठीकडे, त्याच भोवऱ्याकडे. तिचं सारं लग्न तिथे होतं.

तिने शालीचं टोक ओलं केलं आणि बेखाच्या कपाळावरचा टिका पुसून टाकला. मग फोटो काखोटीला मारून बेखाच्या घरी गेली. जिना चढताना दोनदा थांबली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मीतदाजू."

"आलीस? बघितलंस?"

"बघितलं."

"सांगून टाक."

"तुम्हीच आहात."

बेखाने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मग म्हणाला, "ढोल पोराला दिलाय. चामडं ढिलं आहे, तापवायला सांग."

"ऐका तरी. तुम्ही आहात आणि तोही आहे. पुढचा पाठमोरा तो आहे. हार मी त्याला घातला होता. मधे तुमचं तोंड आलं, त्याला मी काय करू? तुमची सवयच आहे ती."

बेखा हळूहळू या कुशीवर वळला. "हार त्याला?"

"मग काय तुम्हाला? तुम्ही माझे कोण?"

"पण टिका माझ्या कपाळाला लागला."

"पुसला."

"पुसलेला चालतो का?"

"मला काय विचारता? गुभाजूंना विचारा. दिसत नसलं तरी ऐकू येतं त्यांना."

बेखाने सुनेकडे वळून दोन बोटं कात्रीसारखी हलवली. सुनेने कात्री आणली. चिरीमायाने फोटो मांडीवर घेतला आणि नव्या डोळ्यांनी नीट बघत, दोन कावडींच्या मधून कापला. हार न्हुच्छेच्या भागावर ठेवला. बेखाचा भाग बेखाच्या हातात दिला. तो त्याने डोळ्यांशी नेला, लांब नेला.

"मी कसा दिसतो गं?"

"दात आहेत सगळे."

"आणखी?"

"आणखी काय सांगू? उद्या जा आणि डोळे करून घ्या. आणि आता काहीतरी खा, तुमच्या चतामऱ्या गार करून करून मी थकले."

त्याने पोहे मागवले, मग अयला मागवला. बेखाने पुढे डोळे करून घेतले. आपला फोटो पाहिल्यावर तो पहिलं वाक्य म्हणाला ते असं, "याला उगाच कॅमेऱ्यासमोर हसायला कुणी सांगितलं होतं? दोन पावलं पुढे गेला असता, त्याच्याबरोबर."

प्रजिनाने नंतर चिरीमायाचा तो अर्धा फोटो चांगली काच लावून दिला. तो चुलीच्या मागच्या, आता धुतलेल्या भिंतीवर आहे. फोटो काढायला येणारे विचारतात, की अजी, तुम्ही पाठ का टांगलीय, माणूस कुठे आहे? ती म्हणते, "बजाराला चाललाय," आणि झाकण उचलते.

पुढच्या श्रावणात मतया निघाली. न्हुच्छेला जाऊन आता जन्म लोटला होता, तिने निघायची काही गरज नव्हती, पण निघणाऱ्याला कुणी अडवत नाही. ती अनवाणी रांगेत उभी राहिली. बाजूला बेखा ढोल घेऊन होता, चामडं तापवून. सगळ्यांनी आपापल्या माणसाचे फोटो छातीशी धरले होते, तोंड बाहेर, लोकांकडे. चिरीमायाने आपला उलटा धरला, स्वतःकडे.

"मितिनी, लोकांना काय दिसणार?" बेखा म्हणाला.

"लोकांसाठी नाही आणलेला."

ढोल वाजला, रांग हलली. तिच्या डोळ्यांसमोर तीच पाठ होती, तोच खाली झुकलेला खांदा, तोच मानेवरचा भोवरा. चिरीमाया न्हुच्छेच्या मागून चालू लागली.